वक्र की अख्खी सायकल? बेळगावातल्या हीट पंपाचं सिम्युलेशन

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या एखाद्या वसतिगृहाच्या गरम पाण्यासाठी हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारं यंत्र) संगणकावर तपासायचा तर दोन वाटा आहेत. एक, एनर्जीप्लस या इमारतींच्या ऊर्जेच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीच्या तक्त्यावरून बसवलेले वक्र, म्हणजे तापमानानुसार क्षमता आणि वीज किती बदलते ते सांगणारी सूत्रं. दोन, पायथनमध्ये कूलप्रॉप ही द्रव-वायूंचे गुणधर्म देणारी लायब्ररी घेऊन रेफ्रिजरंटची (पंपात फिरून उष्णता वाहणाऱ्या द्रव्याची) अख्खी सायकल. वर्षाचं वीजबिल काढायचं असेल तर पहिली घ्या, कॉम्प्रेसर किंवा रेफ्रिजरंट ठरवायचा असेल तर दुसरी.

चूक शोधायला मात्र सायकल सोपी, कारण ती बिघडली की बहुधा अडते. वक्र चुकले तरी रन शेवटपर्यंत जातो आणि आकडे शहाण्यासारखे दिसतात. समजा तक्ता ५० अंशांच्या पाण्यापर्यंतचाच आहे आणि तुम्ही ६० मागितले. वक्राला कमाल मर्यादा दिली असेल तर तो ५० चंच उत्तर देत राहतो, सीओपी (दिलेली उष्णता भागिले लागलेली वीज) फुकट चांगला येतो. म्हणून आधी मर्यादा तपासा, मग रेटेड स्थितीत (कंपनी ज्या तापमानांना क्षमता जाहीर करते तिथे) वक्राचं उत्तर १ येतं का ते बघा. पंख्याची वीज रेटेड सीओपीत धरलेली आहे की वेगळी, हेही पाहा. ती दोनदा मोजली जाण्याची चूक नेहमीची. हवामानाची फाईल गोव्याच्या किनाऱ्याची लावू नका. बेळगाव सुमारे ७५० मीटरवर आहे, हवेचा दाब ९२.६ किलोपास्कलच्या आसपास. तेवढ्याच घनमीटरमध्ये हवेचं वजन कमी भरतं.

सायकलमध्ये पहिला संशय एककांवर घ्या. कूलप्रॉपला पास्कल आणि केल्विन लागतात, दाबही निरपेक्ष, म्हणजे वातावरणाचा दाब धरून. आर-१३४ए या रेफ्रिजरंटचा गेज ३ बार दाखवत असेल तर इथल्या हवेचा ०.९३ मिळवून ३.९३ बार, म्हणजे उकळण्याचं तापमान साधारण ८.४ अंश. गेजचाच आकडा टाकला तर ०.७ अंश येतात आणि पुढचं सगळं घसरतं. संपृक्त अवस्थेत (द्रव आणि वाफ एकत्र असताना) तापमान-दाब ही जोडी देऊ नका, त्यातल्या एकासोबत बाष्पांश (वाफेचा वाटा) द्या. गणित जुळतच नसेल तर समीकरण सोडवायला न्यूटन पद्धतीऐवजी उत्तराची दोन टोकं बांधून ब्रेंट पद्धत वापरा.

बाष्पीभवन १० आणि संघनन ६० अंशांवर असेल तर कार्नोची मर्यादा, म्हणजे सीओपीचं सैद्धांतिक कमाल मूल्य, ६.६६. त्याच्या वरचा सीओपी सरळ चूक. आर-१३४ए ला ५ आला तर कॉम्प्रेसरची आयसेंट्रॉपिक कार्यक्षमता (आदर्श कामाच्या तुलनेत) १ राहिली असणार, ०.७ घातली की ३.८ च्या आसपास येतो.