टॅली ८० टक्के, मग उरलेले २० कुठे गेले? (रेझ्युमे बनवायचं ॲप, आठ महिने वापरून)

परवा कस्टमर केअरने माझी पाचवी तक्रार 'निराकरण झाले' म्हणून बंद करून टाकली. झालेलं काहीच नाही. तक्रार जानेवारीपासून एकच आहे: कौशल्यांपुढच्या त्या टक्क्यांच्या पट्ट्या काढता येत नाहीत. म्हणून आता इथे लिहून राहिले.

ॲपचं नाव घालत नाही. मी पाहिलेल्या बाकीच्या दोन-तीन ॲपांतही पट्ट्या आहेतच, मग एकालाच कशाला बदनाम करा. टेम्पलेट किती, एआय काय करतं, पीडीएफ कशी निघते, हे जाहिरातीत सगळ्यांनी पाहिलं असेल. किंमत मात्र सांगते. वर्षाचे १,४९९, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १,७६८ रुपये ८२ पैसे. पैशापर्यंत सांगते, कारण मी अकाउंट्सवाली आहे आणि ही रक्कम घरखर्चातून नाही, माझ्या स्वतःच्या खात्यातून गेली.

मी २००९ ते २०१८ एका स्पेअर पार्टच्या व्यापाऱ्याकडे सहायक अकाउंटंट होते. मग मुलगी, मग सासूबाईंचं आजारपण. गेल्या दिवाळीनंतर पुन्हा नोकरी करायचं ठरवलं तेव्हा हाताशी २००९ चा बायोडेटा होता. त्यात वडिलांचं नाव, जन्मतारीख, उंची (हो, उंची!) आणि शेवटी 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे, स्थळ: नागपूर'. मामेसासरे म्हणाले, हाच दे, यात काय वाईट आहे? पुतण्या म्हणाला, "काकू, हा लग्नाचा वाटून राहिला." तर ॲप घेतलं.

आता पट्ट्या. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी: डाव्या बाजूला निळसर कॉलम असतो, त्यात तुमची कौशल्यं आणि प्रत्येकापुढे एक आडवी पट्टी. ती बोटाने सरकवायची. २०, ४०, ६०, ८०, १००, मधलं काही नाही. टॅलीपुढे (हिशेबाचं सॉफ्टवेअर) १०० करायला हात धजावला नाही, इतकी वर्षं घरी बसलेली बाई मी. म्हणून ८० केलं. एक्सेल ६०. भाषांना पट्टीऐवजी पाच ठिपके. मराठीला पाच दिले, पण मनात आलं, पुण्याच्या एखाद्या मॅडमनी पाहिलं तर 'करून राहिले' ऐकून तीनवर आणतील.

जानेवारीत हिंगणा एमआयडीसीतून बोलावणं आलं. उज्ज्वल नगरहून मेट्रो, सीताबर्डीला बदलून लोकमान्य नगर, तिथून ऑटो. समोर एक वयस्कर अकाउंटंट बसलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी कागद हातात घेतला, बाकी काही वाचलं नाही, पट्टीवर बोट ठेवलं.

"मॅडम, टॅली ८० टक्के. उरलेले २० कोणते? पेरोल येत नाही का जीएसटी?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"आणि हे ८० ईआरपी ९ चे का प्राइमचे?"

टॅली प्राइम, म्हणजे ईआरपी ९ नंतरची आवृत्ती, आलं २०२० च्या नोव्हेंबरात. मी तेव्हा घरी सासूबाईंच्या गोळ्यांचे डबे भरत होते. खरं तेच सांगितलं. मग त्यांनी जीएसटीआर टू-बीचं विचारलं, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांवरून आपलं क्रेडिट दाखवणारं पत्रक. तेही २०२० चंच. मी नोकरी सोडली तेव्हा थ्री-बीत (जीएसटीचं रिटर्न) खरेदीवरच्या कराच्या क्रेडिटचा आकडा आपणच भरायचो. २०२२ च्या जानेवारीपासून टू-बीत दिसेल तेवढंच घेता येतं. हे मला कानावरून माहीत होतं, हातानं केलेलं नव्हतं. ती नोकरी गेली, आणि ठीकच गेली. पण परतीच्या मेट्रोत मी तो कागद काढून पाहत बसले. पट्टी नसती तर बोलणं माझ्या नऊ वर्षांच्या कामापासून सुरू झालं असतं, आता ते माझ्यात काय कमी आहे तिथून सुरू झालं. शिवाय हे ८० मोजले कोणी? मीच, पलंगावर बसून, अंगठ्यानं.

त्याच रात्री पहिली तक्रार टाकली: पट्ट्या काढायची सोय द्या. उत्तर आलं, 'प्रिय ग्राहक, आपण पट्टी १०० टक्क्यांवर सरकवू शकता.' दुसऱ्या तक्रारीचं उत्तर: 'आपण कौशल्याचा पूर्ण विभाग काढू शकता.' म्हणजे टॅली येतं हे लिहायचंच नाही! अकाउंटंटच्या रेझ्युमेत! तिसऱ्या वेळी फोन लावला. पलीकडची मुलगी गोड होती, म्हणाली, "मॅडम, पट्टीमुळे रेझ्युमे प्रोफेशनल दिसतो." मी म्हटलं, बापा, तुझ्या स्वतःच्या रेझ्युमेत आहे का? तिनं होल्डवर टाकलं.

इथपर्यंत माझं मत एका ताऱ्याचं होतं. फेब्रुवारीत ते दोनदा बदललं, आधी खाली गेलं, मग वर आलं.

खाली कसं गेलं ते आधी. एका कंपनीच्या वेबसाइटवर अर्ज करत होते. तिथे रेझ्युमे चढवला की फॉर्म आपोआप भरतो. भरला. नाव: अकाउंट्स असिस्टंट. आडनाव: मनीष नगर. सध्याची कंपनी: हिंदी मराठी इंग्रजी. फोन नंबर: रिकामा.

रिकामा! तोवर मी ४१ ठिकाणी अर्ज केले होते आणि फोन आले होते दोन. पुतण्याला दाखवलं. तो म्हणाला, पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. टाकलं तर 'टॅली २००९ ते एक्सेल सहायक २०१८ मराठी अकाउंटंट' अशी भेळ. जॉब पोर्टलचं आणि कंपन्यांचं सॉफ्टवेअर आपलं सुंदर पान बघत नाही, त्यातली अक्षरं ओढून काढतं. कॉलम दोन असले की ते कित्येकदा डावीकडची ओळ आणि उजवीकडची ओळ एकत्र वाचतं. माझा फोन नंबर वरच्या रंगीत हेडरमध्ये होता, आणि हेडर-फूटरमधला मजकूर काही सॉफ्टवेअर धरतच नाही. फोनची खूण तर चित्र, अक्षर नव्हेच.

म्हणजे खरा घोटाळा दोन कॉलमचा होता, पट्ट्यांचा नाही. हे मला कळतं. तरी माझा राग पट्ट्यांवरच आहे, आणि त्याला आता हिशेबाचा आधारही मिळाला: पट्टी ही नुसती रेघ आहे. मशीनला ती दिसतच नाही, त्याच्या लेखी ८० आणि २० सारखेच. ती दिसते फक्त माणसाला, आणि माणूस विचारतो उरलेले कुठे.

त्यात ॲपचा तो 'स्कोअर'. माझ्या रेझ्युमेला १०० पैकी ९२. मी मुद्दाम फोन नंबर काढून पाहिला. ९२! ईमेल काढला, ९१. मग पट्ट्या नसलेलं साधं एका कॉलमचं टेम्पलेट घेतलं (आहे हो एक, यादीच्या अगदी तळाशी, काळं-पांढरं, 'बेसिक' नावाचं), तर ७८. हा स्कोअर कोणत्याही कंपनीला दिसत नाही. ॲपच देतं, ॲपच घेतं. ज्या रेझ्युमेवर कोणी परत फोनच करू शकत नाही त्याला ९२ देणारा मास्तर मला शाळेत का नाही भेटला?

मी बेसिक घेतलं. एक कॉलम, वर नाव, त्याखाली साध्या ओळीत फोन आणि ईमेल, हेडरमध्ये नाही. पट्ट्यांच्या जागी वाक्यं. नोटपॅडची चाचणी पुन्हा केली, सगळं ओळीनं आलं. या चाचणीला पैसे लागत नाहीत. माझ्या १,७६८ रुपये ८२ पैशांपैकी निदान हजार इथेच वाया गेले असं मी धरते.

आता वर कसं गेलं ते. या ॲपमध्ये एक प्रकार आहे, ज्याला मी पहिले तीन महिने शिव्या घातल्या. कामाचं कुठलंही वाक्य लिहिलं की खाली पिवळी चौकट येते: 'किती?' 'खरेदीची बिलं नोंदवली.' किती? 'बँक रिकन्सिलिएशन केलं' (बँकेच्या नोंदी आपल्या वह्यांशी जुळवणं). किती खाती? किती दिवसांत? शेजारच्या काकू मुलीच्या लग्नाचा खर्च विचारतात तसं खोदून खोदून. मी ती चौकट बंद करून टाकायचे.

मधल्या सहा वर्षांच्या रिकाम्या जागेवर ॲप लाल खूण दाखवायचं. एका रात्री वैतागून तिथे लिहिलं: 'सोसायटीचे हिशेब पाहिले.' आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे आमचे हे, आणि वह्या म्हणजे मी. पिवळी चौकट आली: किती?

बसून मोजलं. ६४ फ्लॅट. पाच वर्षं. दरमहा मेंटेनन्सची बिलं, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी बाजूला ठेवलेला पैसा) वेगळा, दरवर्षी ऑडिटरला कागद काढून देणं, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा आणि तिच्यात ताळेबंद. मी हातात घेतलं तेव्हा थकबाकी ३ लाख ८० हजारांच्या वर होती, गेल्या मार्चला ६० हजारांवर आली. ती कशी आणली याची वेगळी गोष्ट आहे, तिसऱ्या मजल्यावरचे काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. पण हे काम आहे असं मला तोवर वाटलंच नव्हतं. पगार नव्हता ना!

या एका चौकटीसाठी मी ॲपला हात जोडते. चांगला रेझ्युमे कसा लिहावा यावर सगळे सांगतात की आकडे घाला. पण कोणते, हे दुसऱ्या कोणीतरी चिवटपणे विचारल्याशिवाय आठवत नाही.

एआयच्या वाक्यांबद्दल थोडक्यात: वापरू नका. मी लिहिलं 'रोज व्हाउचर एंट्री केल्या', त्यानं केलं 'व्हाउचर प्रक्रियेचे गतिमान नेतृत्व केले'. व्हाउचर काय मोर्चा आहे? तेच वाक्य पुतण्याच्या मित्राच्या रेझ्युमेतही निघालं, तो इलेक्ट्रिकलचा. एक चांगलं म्हणजे जाहिरातीतले शब्द आणि आपले शब्द जुळतात का ते दाखवतं. जाहिरातीत 'टॅली प्राइम', 'टू-बी रिकन्सिलिएशन', 'ई-इनव्हॉइस' असेल आणि तुम्ही नुसतं 'जीएसटी' लिहिलं तर शोधणाऱ्याला सापडणार कसे? पण येत नसेल ते लिहू नका, हिंगण्याचे चष्मेवाले सगळीकडे आहेत. मी फेब्रुवारी-मार्चमध्ये ओळखीच्या सीएंकडे दुपारी बसून, फुकट काम करून, टू-बी जुळवायला शिकले. मगच लिहिलं.

एप्रिलपासून फोन यायला लागले. आणि इथे माझं मशीनबद्दलचं मतही जरा बदललं. आपल्याकडे इतवारी, वाडी, कळमना इथल्या किती व्यापाऱ्यांकडे रेझ्युमे वाचणारं ते सॉफ्टवेअर आहे? तिथे रेझ्युमे जातो व्हॉट्सॲपवर आणि शेठजी तो मोबाइलवर, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता उघडतात. तिथेही दोन कॉलम मारच खातात, अक्षर मुंगीएवढं दिसतं. वरच्या अर्ध्या स्क्रीनमध्ये जे येईल तेवढंच. मी वर दोन ओळी टाकल्या: नऊ वर्षं ट्रेडिंगचे अकाउंट्स, टॅली प्राइम, जीएसटी रिटर्न, वाडी-हिंगणा-बुटीबोरी कुठेही येऊ शकते. फाइलचं नाव 'रेझ्युमे फायनल नवीन ३' होतं, ते बदलून माझं नाव आणि 'अकाउंटंट' केलं. शेठजींच्या फोनमध्ये 'फायनल' नावाच्या आणखी पन्नास फायली असणार.

मेमध्ये वाडीला एका गोदामवाल्यांकडे गेले. दुपारी तीनची वेळ दिली होती, नागपूरच्या मेमध्ये! कूलरसमोर बसलेल्या शेठजींनी टॅलीचं विचारलंच नाही. मोबाइल पुढे धरून म्हणाले, "हे ३ लाख ८० चे ६० हजार कसे केले? आमची पण उधारी अडकून राहिली आहे." पाऊण तास त्यावरच बोललो. २ जूनला रुजू झाले.

आता पैशाचं. सबस्क्रिप्शन वर्ष संपलं की आपोआप नवं होतं, हे घेताना बारीक अक्षरात असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, पण तिची वाट पाहू नका. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन मी ते नोकरी लागली त्याच संध्याकाळी रद्द केलं. ॲपमधलं 'रद्द करा' बटण आधी तीन वेळा 'खरंच जाताय?' विचारतं, यूपीआयवाले एकदाच विचारतात. सबस्क्रिप्शन चालू आहे तोवर रेझ्युमे पीडीएफसोबत वर्डमध्येही उतरवून घ्या, नंतर ॲपमध्ये पाहता येतो पण उतरवला तर आडवा शिक्का येतो. माझी वर्डची फाइल पेन ड्राइव्हमध्ये आणि ईमेलवर, दोन्हीकडे आहे.

पाचव्या तक्रारीला काल उत्तर आलं: 'आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे.' मी साडेतीन तारे देणार होते, पण अर्धा देता येत नाही. म्हणून तीन. तो अर्धा पट्ट्यांच्या नावे वजा केला आहे.