पाळीचा हर्बल चहा: सुंठ आहे, पण किती ते सांगत नाहीत

माझी भाची कराडला आमच्याकडे राहून शिकते. पाळीच्या पहिल्या दिवशी पोटात इतकं दुखतं की तिचं कॉलेज बुडतं. तिने इन्स्टाग्रामवरची जाहिरात बघून हा चहा मागवला. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करते, त्यामुळे पाकीट हातात आल्यावर आधी मागची बाजू वाचली.

पंधरा पुड्या, साडेतीनशे रुपये. एका पुडीत दोन ग्रॅम चुरा आणि त्यात सात घटक: बडीशेप, ज्येष्ठमध, ओवा, सुंठ, अशोक साल, दालचिनी, गुलाबपाकळ्या. कशाचंच प्रमाण दिलेलं नाही. सगळे सारखे धरले तरी सुंठ तीनशे मिलिग्रॅमच्या आतच येते. एफएसएसएआयचा क्रमांक आहे, म्हणजे हा खाद्यपदार्थ म्हणून विकला जातोय, औषध म्हणून नाही. तरी पुढच्या बाजूला ठळक अक्षरात ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’!

आता शास्त्र काय म्हणतं ते बघा. या सातांत पाळीच्या दुखण्यावर बऱ्यापैकी तपासल्या गेलेल्यांपैकी एक म्हणजे सुंठ. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन वाढलं की गर्भाशय जोरात आकुंचन पावतं आणि कळा येतात. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड या गोळ्या तेच कमी करतात, आणि सुंठेतले तिखट घटकही प्रयोगशाळेत त्याच वाटेवर काम करताना दिसलेत. २००९ मध्ये इराणमध्ये १५० विद्यार्थिनींवर चाचणी झाली. पाळी सुरू झाल्यापासून तीन दिवस, दिवसातून चार वेळा २५० मिलिग्रॅम सुंठ. या दोन्ही गोळ्यांइतकाच आराम पडला, मात्र त्यात प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेली खोटी गोळी घेणारा, गट नव्हता. २०१२ मध्ये तिथेच प्लासिबोशी तुलना झाली, ५०० मिलिग्रॅम तीन वेळा. दुखणं कमी झालं, आणि पाळीच्या दोन दिवस आधीपासून घेणाऱ्या मुलींचं लवकर थांबलंही.

म्हणजे दिवसाला एक ते दीड ग्रॅम सुंठ, तीही कॅप्सूलमधून सगळी पोटात गेलेली. इथे रोज रात्री एकच पुडी, गरम पाण्यात बुडवून चोथा फेकून द्यायचा. मग चाचण्यांचा दाखला या चहाला कसा लागू होणार? एका पुडीत सुंठ किती, असं मी कंपनीला ईमेलवर विचारलं. ‘मिश्रण गोपनीय आहे’ एवढंच उत्तर आलं.

चव मात्र छान आहे, बडीशेप आणि ज्येष्ठमधाचा गोडवा घशात रेंगाळतो. भाचीला गरम पेय म्हणून आवडला. कळांना काही फरक पडला नाही.

मी तिला आता घरचीच सुंठपूड देते. पाव चमचा, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, गूळ-तुपात गोळी वळून, जेवणानंतर तीन वेळा. तिला पहिल्या दिवशी कॉलेजला जाण्याइतपत उतार पडतो. सगळ्यांना पडेलच असं मी म्हणणार नाही. कोक्रेन ही संस्था चाचण्या एकत्र करून पुरावा तपासते; तिच्या २०१६ च्या आढाव्याने सुंठ, मेथी अशा पूरक गोष्टींच्या २७ चाचण्या तपासल्या आणि पुरावा कमी दर्जाचा ठरवला. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांचा पुरावा कितीतरी भक्कम आहे. काउंटरवर मुली हळू आवाजात गोळी मागतात, आणि सोबतची आई ‘सवय लागेल’ म्हणून नको म्हणते, तेव्हा मला फार वाईट वाटतं. या गोळ्यांची सवय लागत नाही. अ‍ॅसिडिटी, दमा, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा, एवढंच. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर सुंठसुद्धा विचारूनच घ्या.

चहाला दोन तारे, तेही चवीचे. पाकिटावर सुंठेचे मिलिग्रॅम छापले तर पुन्हा मागवून बघेन. आणि दुखणं दर महिन्याला वाढत असेल, गोळीनेही थांबत नसेल, तर चहा-सुंठीत महिने घालवू नका. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असू शकतं, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.