पातळीची खूण शब्दाला की अर्थाला?

शब्दकोशातल्या नोंदीला भाषाशिक्षणाच्या पातळ्या जोडण्याचे दोन मार्ग आज वापरात आहेत. पुण्यात जेएलपीटीची (जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची) तयारी करणारे अनेक विद्यार्थी 'जिशो' हा ऑनलाइन जपानी कोश उघडतात, तेव्हा शब्दाशेजारी एन५ (सर्वांत सोपी) ते एन१ (सर्वांत अवघड) यांपैकी एका पातळीची खूण बऱ्याचदा दिसते. ही खूण परीक्षा घेणाऱ्यांची नव्हे. 2010 साली परीक्षेची पुनर्रचना झाल्यापासून अधिकृत शब्दयाद्या प्रसिद्ध होत नाहीत, त्यामुळे ती अनधिकृत याद्यांवरून घेतलेली असते. शिवाय ती संपूर्ण नोंदीला मिळून एकच असते. 'काकेरु' या क्रियापदाचे टांगणे, चष्मा लावणे, फोन करणे असे कितीतरी अर्थ आहेत. नवशिक्याने त्यांतले नेमके कोणते आधी शिकावेत, हे त्या खुणेवरून कळत नाही.

केंब्रिजच्या 'इंग्लिश व्होकॅब्युलरी प्रोफाइल' या इंग्रजी शब्दांच्या ऑनलाइन संग्रहात मात्र ए१ (आरंभीची) ते सी२ (सर्वोच्च) ही युरोपीय पातळी प्रत्येक अर्थाला स्वतंत्रपणे दिलेली आहे, आणि तिला शिकणाऱ्यांच्या प्रत्यक्ष लेखनाच्या संग्रहाचा आधार आहे. 'रन' म्हणजे धावणे हे आरंभीच येते, व्यवसाय चालवणे नंतर. काम अर्थातच खर्चिक आणि वेळखाऊ.

घाईच्या उजळणीला पहिला मार्ग पुरतो. पाठ्यक्रम आखायचा असेल, तर मी दुसराच निवडेन. मराठीसाठी तर तोच हवा, कारण भूक लागणे, वेळ लागणे आणि वेड लागणे यांतल्या 'लागणे'ला एकच पातळी कशी द्यायची?