सात नॅनोमीटरचा ड्युअल नॅरोबँड फिल्टर: दिवाळीपासून मेपर्यंत वापरल्यावर

पावसाळा तोंडावर आलाय, टेलिस्कोप (स्कोप) पॅक करायच्या आधी, तेजोमेघांचे म्हणजे नेब्युलांचे फोटो काढायला त्यावर लावलेल्या या फिल्टरबद्दल लिहून टाकते. सेटअप साधाच: ८० एमएमचा रिफ्रॅक्टर (भिंगाचा टेलिस्कोप, एफ रेशो म्हणजे फोकल लेंग्थ भागिले व्यास ६), फ्लॅटनर (कोपऱ्यातले तारे गोल ठेवणारी लेन्स), एएसआय ५३३ कलर कॅमेरा आणि पुण्यातली गच्ची. फिल्टर दोन इंची, पंचवीस हजारांच्या घरात पडला, आणि एवढे पैसे मोजल्यावर जे दिसलं त्याबद्दल मला बोलायचंच आहे.

आधी चांगलं. जुना सीएलएस फिल्टर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांसाठी होता, त्यांचा ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा उजेड कापला की काम झालं. आता सगळीकडे एलईडी, त्यांचा उजेड निळ्यापासून लालपर्यंत सलग पसरलेला, तो कापणार तरी कुठून! हा नवीन फक्त ५००.७ ची ओ-थ्री (ऑक्सिजनचा निळसर-हिरवा उजेड) आणि ६५६.३ ची हायड्रोजन अल्फा (हायड्रोजनचा लाल उजेड), त्यांच्या आजूबाजूचं थोडं, एवढंच आत सोडतो. रोझेट नेब्युला गच्चीवरून ३०० सेकंदांच्या एका फ्रेममध्ये लाल दिसायला लागला तेव्हा मी आईला झोपेतून उठवून दाखवला. खरंच सांगते, एवढा आनंद स्कोप घेतला तेव्हाही झाला नव्हता.

मग डिसेंबरात हॉर्सहेड नेब्युला लावला. त्याच्या जवळच्या अल्निटाक या तेजस्वी ताऱ्याभोवती निळसर-हिरवं, कडा एकदम रेखीव असलेलं गोल कडं, आणि त्याच्या बाहेर अजून एक मोठं, फिकट. शेजारच्या फ्लेम नेब्युलाचा अर्धा भाग त्यातच गेला. विक्रेत्याला मेल केला तर उत्तर आलं की तुमचा स्पेसर (मधली अंतर राखणारी रिंग) चुकलाय, ५५ एमएम बॅकफोकस, म्हणजे फ्लॅटनर ते सेन्सर अंतर, तपासा. बॅकफोकस मी आधीच तपासलेला होता. दोन एमएमची काच फोकस साधारण तिच्या जाडीच्या एक तृतीयांशाने मागे ढकलते, म्हणून ५५ ऐवजी ५५.७, त्यासाठी बारीक शिम (पातळ चकती) घातलेली आणि कोपऱ्यातले तारे गोल येत होते.

स्पेसरचा इथे संबंध नाही हे मोजून दाखवता येतं, तुम्हीही करून बघा. कड्याचा व्यास पिक्सेलमध्ये मोजा, पिक्सेलच्या साइझने गुणा, एफ रेशोने गुणा आणि दोनाने भागा, म्हणजे उजेड कुठल्या दोन पृष्ठभागांमध्ये आपटतोय त्यांच्यातलं अंतर मिळतं. माझं लहान कडं १२० पिक्सेल, ३.७६ मायक्रॉनने ते ०.४५ एमएम, गुणिले ६ भागिले २ म्हणजे १.३५ एमएम. हे हवेतलं अंतर, काचेत ते दीडपट धरायचं, म्हणजे दोन एमएम. म्हणजे फिल्टरचीच जाडी! उजेड फिल्टरच्या पुढच्या-मागच्या पृष्ठभागांमध्ये आपटत होता, सेन्सरपर्यंतच्या स्पेसरने त्यात काय फरक पडणार.

खात्रीसाठी फिल्टर कॅमेऱ्याजवळच्या ड्रॉवरमधून (फिल्टर सरकवायच्या खाचेतून) काढून फ्लॅटनरच्या पुढच्या एम४८ थ्रेडला (दोन इंची फिल्टरच्या आट्यांना) लावला, चकचकीत बाजू आकाशाकडे. मोठं कडं एवढं पसरलं आणि फिकं झालं की दिसेनासंच झालं, लहान मात्र जसंच्या तसं. हे सगळं फोटोंसकट पाठवल्यावरही दोन आठवडे "टेक्निकल टीम बघतेय" चाललं होतं. शेवटी बदलून दिला पण कुरिअर माझ्या पैशाने. सदोष माल परत पाठवायचा खर्च गिऱ्हाइकाने का करायचा, याचं उत्तर मला अजूनही कोणी दिलेलं नाही.

आता मत थोडं बदललंय. दुसऱ्या नगात कडं आहे पण खूप मंद, आणि ते ओ-थ्रीतच येतं, हायड्रोजनचं लाल चॅनल स्वच्छ. अल्निटाक तापलेला निळा तारा, ५०० च्या आसपास जबरदस्त तेजस्वी, म्हणून तिथेच त्रास. चॅनल वेगळे करून ओ-थ्रीतलं कडं हाताने दाबलं की फ्लेम नीट निघतो. रोझेटमध्ये आणि मेमध्ये पहाटे काढलेल्या लगून नेब्युलामध्ये तर काहीच त्रास नाही. म्हणजे नग नगावर आहे सगळं.

फ्लॅटनरच्या पुढे लावायचा एक फायदा असा की बॅकफोकस परत सरळ ५५, शिमची भानगड नाही. पण फिल्टर बदलायचा तर कॅमेऱ्यासकट सगळं खोला, परत फोकस करा, फ्लॅट्सही (धूळ आणि कोपऱ्यातला काळोख काढायचे सपाट उजेडाचे फोटो) नव्याने घ्या. मी रात्रभर एकच टार्गेट लावते म्हणून चालतं. थंडीत रिंग थ्रेडमध्ये अडकते, तेव्हा पक्कड अजिबात लावू नका, रुंद रबर बँड गुंडाळून फिरवा, सुटते.

अँड्रोमेडा आकाशगंगेसाठी हा घेऊ नका. आकाशगंगांचा उजेड ताऱ्यांचा, सलग, तोही दिव्यांसोबतच कापला जातो. त्यासाठी फिल्टर काढून शहराबाहेर, अंधाऱ्या वेल्ह्याकडे जाणंच बरं. पौर्णिमेच्या आसपास हायड्रोजन चालून जातो, ओ-थ्री चांदण्याने पार धुतला जातो.

घेणाऱ्यांनी पैसे भरायच्या आधी विक्रेत्याकडे त्याच फिल्टरने काढलेला अल्निटाकचा न क्रॉप केलेला फोटो मागा, आणि नग खराब निघाला तर कुरिअर कोण भरणार हे मेलवर लेखी घ्या. आणि कॅमेरा लहान असला तरी सव्वा इंचीच्या नादी लागू नका. पुढे एपीएस-सी (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा घेतलात तर कोपरे काळे येतील आणि पंचवीस हजार परत मोजावे लागतील.