मॅग्नेटो की इलेक्ट्रॉनिक इग्निशन: वायर तुटली तर?

घरी बांधलेल्या विमानात, इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या या दोन्ही यंत्रणांचं वायरिंग करताना डोकं अगदी उलट चालवावं लागतं. मॅग्नेटो आपली वीज आपणच बनवतो. बॅटरी मेली तरी ठिणगी पडतेच. बंद करायचा तर पी-लीड, म्हणजे मॅग्नेटोपासून स्विचपर्यंतची वायर, स्विचमधून अर्थ करायची. म्हणजे ही वायर तुटली, की स्विच 'ऑफ' दिसत असूनही मॅग्नेटो जिवंत! हाताने प्रोपेलर फिरवणाऱ्याच्या जिवाशीच खेळ. पी-लीड शिल्डेड (वरून धातूची जाळी असलेली) घ्या, नाहीतर रेडिओत खरखर येते. शिल्ड मॅग्नेटोच्या बॉडीला अर्थ करा आणि स्विचची परतीची वाटही त्यातूनच न्या, विमानाच्या पत्र्यावर सोडू नका.

इलेक्ट्रॉनिकमध्ये वीजपुरवठ्याची वायर तुटली की ठिणगीच बंद. इंजिन सहज सुरू होतं, ठिणगीचं टायमिंग गरजेनुसार बदलतं, हे खरं. पण बहुतेक युनिट्सना बाहेरून अखंड 12 व्होल्ट लागतात: थेट बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूजमधून. ढिला अर्थही चालत नाही. फायबरग्लासच्या सांगाड्यातून तर करंट वाहतच नाही. तिथे फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या आडव्या भिंतीवर) एकच अर्थ बिंदू आणि इंजिनपासून त्याच्यापर्यंत तांब्याची जाड विणलेली पट्टी.

इंजिनाच्या दोन्ही इग्निशन इलेक्ट्रॉनिक करणार असाल तर दुसरी बॅटरी धरूनच चला. मी मात्र एक मॅग्नेटो ठेवेन.