सुपरचार्जर लावून देतो म्हणाला: हिलक्लाइंबची गाडी बांधून घेणाऱ्यांसाठी

इंग्लंडात हिलक्लाइंबसाठी गाडी बांधून घ्यायचा कुणाचा बेत असेल, तर पहिला हप्ता भरण्याआधी हे वाचा. माझे साडेतेरा हजार पौंड गेले आणि ते घेणारा माणूस आजही वर्कशॉप चालवतो, फक्त पाटी बदलून. कोर्टाचं प्रकरण अजून मिटलेलं नाही म्हणून नाव लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र सगळी लिहितो. ती ओळखता आली तर नाव कळायची गरजही पडणार नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. चढाच्या अरुंद रस्त्यावर एका वेळी एकच गाडी सोडतात. गाडी जागेवर उभी असते, तिथून सुटायचं आणि वरच्या रेषेपर्यंत घड्याळाशी भांडायचं. वूस्टरशरमधल्या शेल्सली वॉल्शला हे १९०५ पासून चालू आहे. अंतर फक्त एक हजार यार्ड, म्हणजे ९१४ मीटर. सगळ्यात वेगवान गाड्या तेवीस सेकंदांच्या आत वर पोचतात. चेल्टनमजवळच्या प्रेस्कॉटला बुगाटी ओनर्स क्लबचा चढ आहे, १९३८ पासूनचा. पुण्याहून मिडलंड्सच्या गाड्यांच्या कंपन्यांत आलेले आपले बरेच लोक शनिवार-रविवारी तिथे नुसतं बघायला म्हणून जातात आणि मग खिसा चाचपत परततात. मी त्यातलाच.

या खेळात सुपरचार्जरचं, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंपाचं, वेड जुनं आहे. रेमंड मेज १९३५ साली शेल्सलीला चाळीस सेकंदांच्या आत पहिल्यांदा गेला तो ईआरए या सुपरचार्ज्ड ब्रिटिश रेसगाडीतून. कारण साधं आहे. प्रेस्कॉटच्या पार्डन हेअरपिनमधून, म्हणजे उलट्या दिशेला वळवणाऱ्या घट्ट वळणातून, गाडी जवळजवळ रांगत बाहेर येते. टर्बोही हवाच कोंबतो, पण त्याला एक्झॉस्टचा जोर जमेपर्यंत क्षणभर वाट बघावी लागते. सुपरचार्जर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, बेल्टवर फिरतो, त्यामुळे पाय दाबला की हवा हजर. शर्यतच अर्ध्या मिनिटाची असेल तर त्या क्षणाला फार किंमत असते.

माझ्याकडे माझ्दा एमएक्स-५ होती, पहिल्या पिढीची, १.८ लिटरची. टनभर वजन, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. हिलक्लाइंबला नवख्या माणसाने घ्यावी अशीच गाडी. मी गाड्यांच्या वायरिंगमधला माणूस, इंजिन उघडणं माझं काम नाही. पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करतात तिथे, दोघातिघांनी या वर्कशॉपचं नाव सांगितलं. आत गेलं की समोरच एक देखणी निळी गाडी, सुपरचार्जर लावलेली. 'आमचंच काम,' म्हणाला. ती दुसऱ्याने बांधलेली होती आणि याच्याकडे नुसती ब्रेकच्या कामाला आली होती, हे मला गाडीच्या मालकाकडूनच नंतर कळलं.

कोटेशन व्यवस्थित टाइप केलेलं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वाढवून ८३.५ मिलिमीटरचे फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेले, पिस्टन, फोर्ज्ड कनेक्टिंग रॉड, ईटन एम६२ सुपरचार्जर, ती हवा थंड करणारा इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, नवा ईसीयू (इंजिनाचा संगणक), रोलिंग रोडवर (गाडीची ताकद मोजायच्या रुळांवर) त्याचं मॅपिंग आणि रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणारा नळ्यांचा पिंजरा. पैसे तीन टप्प्यांत: निम्मे सुट्या भागांसाठी आगाऊ, मोठा हप्ता इंजिन जुळल्यावर, उरलेले गाडी ताब्यात देताना. आणि सगळं थेट बँकेत, कारण 'कार्डाला अडीच टक्के जादा पडतील.'

या अडीच टक्क्यांपाशी थांबा. ग्राहकाच्या कार्डावर असा अधिभार लावायला या देशात जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. म्हणजे धंद्यातला माणूस हे बोलतो तेव्हा त्याला अडीच टक्क्यांची चिंता नसते, त्याला कार्डच नको असतं. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याच्या ७५ व्या कलमाखाली शंभर ते तीस हजार पौंडांमधली वस्तू किंवा काम घेताना क्रेडिट कार्ड वापरलं, तर विक्रेत्याइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार ठरते. पूर्ण रक्कम कार्डावर हवी असंही नाही. आगाऊ रकमेचा थोडासा भाग कार्डाने दिला तरी संरक्षण पूर्ण कामाला मिळतं. कार्डाला सरळ नाही म्हणणाऱ्याकडे कामच देऊ नका, मग त्याच्या दारात बुगाटी उभी असली तरी.

मग फोटो येऊ लागले. खोक्यातले चकचकीत पिस्टन. टेबलावर ओळीने मांडलेले रॉड. उघडा ब्लॉक. प्रत्येक फोटोमागे दिलगिरी: मशिन शॉपला गर्दी आहे, गॅस्केट अमेरिकेतून यायचं आहे, पोराला बरं नाही. आणि दर वेळी काहीतरी खरोखर पुढे सरकलेलं असायचं. इंजिन खाली उतरवलं होतं हे खरं. इंटरकूलर बसला होता हेही खरं. या माणसाची सगळी कारागिरी इथे आहे: जे डोळ्यांना दिसतं ते तो करतो. न दिसणारं करत नाही आणि पैसे न दिसणाऱ्याचे घेतो.

गाडी मिळाली तेव्हा सोबत रोलिंग रोडचा कागद होता. २३८ ब्रेक हॉर्सपॉवर. गाडी पळतही होती, खोटं कशाला बोलू. हेअरपिनमधून निघताना पाठ सीटला चिकटायची. मग प्रेस्कॉटला सरावाच्या फेरीत वरच्या एसेसच्या (नागमोडी वळणांच्या) आधी इंजिनातून दगड खडखडल्यासारखा आवाज आला, पाठोपाठ निळा धूर, आणि गाडी ट्रेलरवर.

इंजिन उघडलं माझ्या एका मित्राने. तो कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या आसपास वाढलेला, आता इकडे रेसच्या गाड्यांचं काम करतो. हेड काढून पिस्टन बाहेर घेतला, उलटा केला आणि पोटाकडची बाजू मला दाखवली.

"भावा, हे ओतीव हाय. फोर्जिंग न्हाई. साच्याची रेघ दिसत्या बघ."

मी फोनवरचे फोटो पुढे केले. त्याने एकच प्रश्न विचारला. "ह्यात बोअर किती दिसतोय, सांग बघू?"

बोअर मोजला तर ८३ मिलिमीटर, कारखान्यातून आला तेवढाच. म्हणजे बोअरिंग झालंच नव्हतं, आणि ८३.५ चा पिस्टन ८३ च्या भोकात जात नाही, एवढं वायरिंगवाल्यालाही कळतं. एका पिस्टनची कड दोन रिंगांच्या मध्ये तुटून पडली होती. रॉडही मूळचेच. मागाहून दुसऱ्या एका ग्राहकाशी बोलणं झालं, त्याला तेच पिस्टनचे फोटो गेले होते. फोटोत मागे दिसणाऱ्या शिकंज्यावरचा ओरखडासुद्धा तोच.

पण पिस्टन का तुटला हे जास्त बोलकं आहे. सुपरचार्जर एम६२ नव्हता. ईटनच्या नावातला आकडा म्हणजे एका फेऱ्यात तो किती घन इंच हवा ढकलतो ते. ६२ म्हणजे जवळजवळ एक लिटर. मला बसवलेला होता एम४५, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. तो बीएमडब्ल्यूच्या पहिल्या मिनी कूपर एसमध्ये असायचा, भंगारवाल्याकडे सहज मिळतो. काळा रंग मारून प्लेट घासून टाकली होती. तरी एक खूण राहिली. त्या मिनीत पाण्याचा पंप सुपरचार्जरच्या मागच्या टोकावरून फिरतो. माझ्यावर त्या जागी एक पत्रा बोल्टने बसवून तोंड बंद केलं होतं. एमएक्स-५ ला पंप वेगळा असतो, त्या पत्र्याचं तिथे काही कारणच नाही.

आता गणित. १८३९ सीसीचं चार-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात निम्मी, म्हणजे साधारण ९२० सीसी हवा ओढतं. एम६२ असता तर क्रँकच्या दीडपट-पावणेदोनपट वेगाने फिरवून त्याने सांगितलेला दहा पीएसआय बूस्ट (जादा हवेचा दाब) आरामात मिळाला असता. लहान सुपरचार्जरकडून तोच आकडा काढायचा म्हणून त्याने इवलीशी पुली लावली होती. दोन्ही पुल्यांचे व्यास मोजले तर गुणोत्तर अडीच. इंजिन सात हजारांवर गेलं की सुपरचार्जर साडेसतरा हजारांवर. मिनीत तो साधारण चौदा हजारांपर्यंत फिरतो. त्याच्या पलीकडे हवा कमी आणि उष्णता जास्त. इतकी तापलेली हवा सिलिंडरमध्ये गेली की उरलेलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोचायची वाट बघत नाही, एकदम भडकतं. तोच तो खडखडाट. फोर्ज्ड पिस्टनने हे काही काळ सोसलं असतं, ओतीव ठिसूळ असतो. एक लबाडी झाकायला केलेल्या दुसऱ्या लबाडीने पहिली उघडी पाडली.

रोलिंग रोडच्या कागदाची तर गंमतच. ब्रेक हॉर्सपॉवर म्हणजे पौंड-फुटातला टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले आरपीएम (मिनिटाचे फेरे), भागिले ५२५२. म्हणून टॉर्क आणि हॉर्सपॉवरच्या दोन्ही रेषा एकाच मोजपट्टीवर काढल्या तर त्या ५२५२ आरपीएमलाच एकमेकींना छेदतात. दुसरीकडे छेदूच शकत नाहीत. माझ्या कागदावर त्या साडेचार हजारांच्या आसपास छेदत होत्या. ज्या दुकानाचं नाव वर छापलं होतं तिथे फोन केला. त्यांच्याकडे माझ्या गाडीची नोंद नाही, आणि कागदावरची तारीख ऑगस्टच्या बँक हॉलिडेची, दुकानाला कुलूप. तुमच्या हातात असा कागद आला तर आधी तो छेदनबिंदू बघा, मग फोन करा. पाच मिनिटांचं काम आहे.

हे सगळं पैशाचं झालं. रोल केजचं मात्र आठवलं की अजून डोकं फिरतं. नळ्यांचे वरचे जोड, छताच्या बाजूचे, अर्धेच वेल्ड केले होते. समोरून पूर्ण गोल दिसेल इतकेच. मागे आरसा धरून बघितला तेव्हा फट दिसली. गाडी उलटली असती तर तो केज माझ्या डोक्यावर घडी झाला असता. इंजिनात फसवणाऱ्याला मी एक वेळ लोभी म्हणेन. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

यानंतर कायद्याकडे गेलो, आणि खरी इशाऱ्याची गोष्ट इथे आहे. पोलिसांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हा दिवाणी वाद आहे. बँकेनेही तेच सांगितलं. ऑक्टोबर २०२४ पासून ग्राहकाला फसवून बँकेतून पैसे वळवून घेतले तर पंच्याऐंशी हजार पौंडांपर्यंत भरपाई द्यायचा नियम आहे, पण खऱ्या व्यावसायिकाने काम वाईट केलं किंवा अर्धवट केलं तर तो त्यात बसत नाही. आणि आमच्या माणसाने काम तर केलं होतं! इंटरकूलर होता, सुपरचार्जर होता, केज होता. काहीच न करता पळाला असता तर तो चोर ठरला असता. थोडं थोडं केलं म्हणून तो नाखूश ग्राहक लाभलेला कारागीर ठरला. नेमकं किती काम करायचं हे तो मोजूनमापून ठरवतो, असं माझं ठाम मत आहे.

उरतो २०१५ चा कन्झ्युमर राइट्स कायदा: काम वाजवी कौशल्याने आणि काळजीने झालं पाहिजे, वस्तू वर्णनाप्रमाणे असली पाहिजे. वर्णनासाठी कोटेशन कामाला आलं, कारण त्यात ८३.५ आणि एम६२ हे आकडे होते. नुसतं 'इंजिन बिल्ड, स्टेज टू' असं लिहिलेलं असतं तर हातात काही नव्हतं. तेव्हा आकडे लिहून घ्या, भागांचे नंबर लिहून घ्या. त्याहून बरं म्हणजे पिस्टन, रॉड, सुपरचार्जर स्वतःच्या नावावर विकत घ्या, घरी मागवा आणि मोजून, खूण करून वर्कशॉपला द्या. चांगला कारागीर याला हरकत घेत नाही, फार तर त्या भागांची हमी देणार नाही म्हणतो. हेड बसवण्याआधी जाऊन बोअर मोजताना समोर उभे राहा.

आणखी एक, फुकटातलं. कंपनीज हाउसच्या, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी निबंधकाच्या, नोंदीत संचालकाच्या नावाने शोधता येतं. याच्या नावावर आधीच्या दोन बंद कंपन्या निघाल्या, दोन्ही गाड्यांच्याच कामाच्या, दोन्हींचे हिशेब वेळेवर भरलेले नाहीत. वर्कशॉपचा पत्ता तोच, नावात एका शब्दाचा फरक. कंपनीचं नाव शोधून हे दिसत नाही, माणसाचं शोधावं लागतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये लहान दाव्यांची मर्यादा दहा हजार पौंड आहे. त्यापुढे गेलं की हरल्यास समोरच्याचा वकिलाचा खर्च अंगावर येऊ शकतो, म्हणून मी वरच्या साडेतीन हजारांवर पाणी सोडून दहाचाच दावा लावला. त्याने उत्तर दिलं नाही आणि निकाल माझ्या बाजूने लागला. त्याच आठवड्यात त्याने कंपनी नोंदीतून काढून टाकायचा अर्ज केला. कंपनीच गेली तर वसूल कुणाकडून करणार? अशा वेळी घेणेकऱ्याला कंपनीज हाउसकडे हरकत नोंदवता येते, त्याला वकील लागत नाही, पैसेही पडत नाहीत. मी निकालाची प्रत जोडून नोंदवली. ती मान्य झाली आहे, अर्ज सध्या स्थगित आहे आणि कंपनी नोंदीत जिवंत आहे. दुसऱ्या ग्राहकाचाही दावा आता लागतो आहे. स्थगिती संपायच्या आत पुन्हा हरकत पाठवायची असते, त्या तारखेला फोनवर गजर लावून ठेवला आहे.