पाइप गॅस घेऊन आठ महिने झाले, माझा अनुभव

आमच्या सोसायटीत दिवाळीनंतर पाइप गॅस आला, आठ महिने वापरून मगच लिहितेय. सरळ सांगते, तुमच्या भागात लाइन आली असेल तर घ्या.

सुरुवात मात्र वैतागाची होती. ठेकेदाराची माणसं भिंतीला भोक पाडून, पाइप टाकून गेली आणि ते भोक बुजवायला तीन आठवडे कोणी फिरकलं नाही. वर शेगडीच्या मोठ्या बर्नरचं जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड, बदललं आणि छोट्याचं तसंच ठेवलं. पाइपचा गॅस सिलेंडरपेक्षा कमी प्रेशरने येतो आणि तेवढ्याच गॅसची उष्णता पण कमी, म्हणून जेटचं भोक मोठं लागतं. ते न केल्यामुळे छोटी ज्योत नुसती मिणमिणायची, आई म्हणाली अगं यावर दूध तापायला दुपार होईल. दुसऱ्या माणसाने येऊन दोन मिनिटांत जेट बदललं, तेव्हापासून ज्योत निळीशार आणि मोठ्या बर्नरवर भाकरी टम्म फुगतेय.

आता बुकिंग नाही, सिलेंडर संपला की धावपळ नाही, मीटर बघायचा आणि बिल भरायचं. एक 14.2 किलोचा सिलेंडर म्हणजे पाइप गॅसचे साधारण 17-18 युनिट (घनमीटर) धरा, त्या हिशोबाने आम्हाला तरी हे परवडतंय.

मला खरा आनंद वेगळाच आहे. 1974 मध्ये सागर सम्राट या समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगने मुंबईजवळच्या समुद्रात, बॉम्बे हायला, तेल शोधलं, तिथला गॅस उरणला आणि गुजरातमधल्या हजिराला किनाऱ्यावर येतो, आणि देशातला स्वस्त गॅस आधी घरच्या स्वयंपाकाला आणि सीएनजीला द्यायचा असं सरकारचं धोरण आहे. 2014 ला देशभर अशी घरगुती कनेक्शनं जेमतेम 25 लाख होती, आता दीड कोटीच्या आसपास आहेत, केवढं काम झालंय हे! अर्थात देशाला लागणारा निम्मा गॅस अजून बाहेरून जहाजाने येतो, त्यामुळे तिकडे भाव चढला की आपल्या बिलावर पण थोडाफार परिणाम होणारच.

एक महत्त्वाचं, हा गॅस हवेपेक्षा हलका असतो, गळला तर वर चढतो, सिलेंडरच्या गॅससारखा जमिनीलगत साचत नाही. म्हणून किचनची वरची जाळी बंद करू नका, आमच्या शेजारच्या काकूंनी पाली येतात म्हणून पुठ्ठा लावला होता तो मी स्वतः काढायला लावला. आणि जुना सिलेंडर, रेग्युलेटर परत करताना डिपॉझिटची पावती लागते, ती आधीच शोधून ठेवा.